सीमेवरचे ते दिवे कोणाचे होते?

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर संध्याकाळी पश्चिमेला, समुद्राच्या थोडे वर, कधी कधी एक ठळक प्रकाश दिसतो. कोणी म्हणते विमान, कोणी म्हणते लाँचवरचा दिवा. बहुतेक वेळा तो शुक्र असतो. आपला अंदाज चुकला तर काही बिघडत नाही. पण हाच प्रश्न सीमेवर पहारा देणाऱ्या जवानाला पडला तर?

लडाखमध्ये तसे घडले. पँगाँग सरोवराच्या परिसरात २०१२ साली लष्कर आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांना पिवळसर गोळे दिसू लागले. ते चीनच्या बाजूला क्षितिजावर उगवत, तीन ते पाच तास संथपणे सरकत आणि दिसेनासे होत. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते.

‘उडत्या तबकड्या’ म्हटले की आपल्याला परग्रहावरचे पाहुणे आठवतात. लष्कराच्या लेखी मात्र ‘अज्ञात वस्तू’ म्हणजे ओळख न पटलेली वस्तू, एवढेच. हे शेजाऱ्याचे टेहळणी विमान तर नाही ना, हा त्यांचा पहिला प्रश्न. इथे चूक दोन्हीकडून महाग पडते. विमानाला ग्रह समजले तर हेरगिरीला मोकळे रान. ग्रहाला विमान समजले तर आधीच तणाव असलेल्या सीमेवर नाहक संघर्ष. रडारवर काही सापडेना, तेव्हा बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली.

निर्णय झाला तो वेळ, दिशा आणि उंची यांच्या नोंदींवरून. पृथ्वी फिरते म्हणून आकाशातली ज्योती तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसते. तिचे उगवणेही दिवसेंदिवस ठरल्या गतीने बदलते. विमान हे वेळापत्रक पाळत नाही. ते गोळे पाळत होते! शास्त्रज्ञांनी सांगितले, हे गुरू आणि शुक्र आहेत. त्या हिवाळ्यात गुरू संध्याकाळी पूर्वेला उगवे आणि शुक्र पहाटे पूर्वेलाच. आपल्या चौकीवरून पूर्व म्हणजे चीन! शिवाय लडाखच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह अधिकच तेजस्वी दिसतात.

प्रत्येक वेळी असा उलगडा होतोच असे नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अज्ञात वस्तू दिसल्याने विमानसेवा काही तास थांबली. हवाई दलाने शोधासाठी राफेल विमाने पाठवली. हाती काही लागले नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत तपासलेल्या १२,६१८ घटनांपैकी ७०१ अनिर्णित राहिल्या. अनिर्णित म्हणजे परग्रहवासी नव्हे. उत्तर देण्याइतकी माहिती मिळाली नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी यातून एक सवय उचलावी. १९९३ साली स्फोटके उतरली ती आपल्याच कोकणात, रायगडच्या शेखाडीला. तेव्हा जागरूक नजर हवीच. पण नजरेला नोंदीची जोड हवी. काही वेगळे दिसले तर घड्याळ पाहा. दिशा एखाद्या माडावरून किंवा दीपगृहावरून लक्षात ठेवा. हात लांब करून मूठ धरा. ती साधारण दहा अंश भरते, तिने क्षितिजापासूनची उंची मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. प्रकाश जवळपास तिथेच असेल, तर तो बहुधा ग्रह किंवा तारा. पण समुद्रावरची हालचाल संशयास्पद वाटली, तर उद्याची वाट न पाहता पोलिसांना कळवा.