वीस लाख दिव्यांचा गोंधळ

११ जून १९४७ रोजी जॉन कॅम्पबेल या संपादकाने आपल्या एका लेखकाला पत्र लिहिलं. कॅम्पबेल 'अस्टाउंडिंग' हे अमेरिकी विज्ञानकथा मासिक चालवायचा. लेखक होते ई. ई. स्मिथ. पेशाने रसायनतज्ज्ञ, पोट डोनटच्या तयार पिठांवर आणि लेखणी आकाशगंगेएवढ्या युद्धांवर. पत्रातला दावा मोठा होता. महायुद्धात अमेरिकी युद्धनौकांवर लढाईची माहिती एका जागी जुळवणारी 'कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर' नावाची जी खोली उभी राहिली, तिची मांडणी म्हणे स्मिथ यांच्या कादंबरीतल्या 'डायरेक्ट्रिक्स' या यानावरून जाणूनबुजून उचलली होती. आणि हे सांगणारा खुद्द नौदलातला कॅप्टन होता, कॅल लॅनिंग.

संपादकच तो, लेखकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारच. पण लॅनिंग काही ऐरागैरा नव्हता. विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइनचा नौदल अकादमीतला सोबती आणि त्या खोलीच्या उभारणीत प्रत्यक्ष हात असलेला अधिकारी. तेव्हा मासिकाचे अंक उघडून पाहणं आलंच.

'ग्रे लेन्समन' ही कादंबरी ऑक्टोबर १९३९ पासून जानेवारी १९४० पर्यंत क्रमशः छापून आली. बॉस्कोन या शत्रूशी लढायला आकाशगंगेतल्या सभ्यतेने अफाट आरमार जमवलं आहे. त्या सगळ्याला एका जागेवरून हुकूम देता यावेत म्हणून डायरेक्ट्रिक्स. तिच्या पोटात एक 'टँक' आहे, म्हणजे आकाशगंगेची त्रिमितीय प्रतिकृती. व्यास सातशे फूट, मध्यभागी जाडी ऐंशी फूट. आत वीस लाखांहून अधिक इवले दिवे सरपटतात आणि सभोवती दहा लाख प्लगांचा बोर्ड.

आणि हा टँक निकामी ठरतो! कोणता दिवा कोणत्या जहाजाचा, हे कुणालाच वेळेत उमगत नाही. ऑपरेटर नुसते धडपडतात. शेवटी बोर्डावर रायजेल ताऱ्याच्या ग्रहावरचे रहिवासी बसवावे लागतात. त्यांना डोळे नाहीत, पण सगळीकडचं एकदम जाणवतं. शिवाय सेनापतीला झेपेल असा एक छोटा टँक वेगळा करावा लागतो. आकाशगंगांची युद्धं लिहिणारे बहुतेक लेखक जहाजं मोजत बसतात. स्मिथ यांना अडचण नेमकी दिसली: माहिती भरपूर, पण ती जुळवणारा कुणी नाही.

आता कथेतून खऱ्या युद्धात, १३ नोव्हेंबर १९४२ च्या मध्यरात्रीकडे येऊ. जागा ग्वाडलकॅनाल बेटाजवळचा समुद्र. एका रांगेत तेरा अमेरिकी नौका. १ वाजून २४ मिनिटांनी 'हेलेना' क्रूझरच्या नव्या रडारवर जपानी ताफा उमटतो, पंचवीसेक किलोमीटरवर. पण अ‍ॅडमिरल कॅलॅहान आहेत 'सॅन फ्रान्सिस्को'वर, आणि तिथे तसलं रडारच नाही. ते रेडिओवरून अंतर विचारत राहतात. हुकूमही त्याच वाहिनीवर, उत्तरंही त्याच वाहिनीवर. सगळं एकमेकांत मिसळतं. दोन्ही ताफे एकमेकांत घुसतात, तेव्हा कॅलॅहान हुकूम देतात की विषम क्रमांकाच्या जहाजांनी उजवीकडे मारा करावा, सम क्रमांकाच्यांनी डावीकडे. काहींना नेमून दिलेल्या बाजूला शत्रूच नव्हता. 'सॅन फ्रान्सिस्को'चे गोळे तर आपल्याच 'अटलांटा'वर पडले. दोन अ‍ॅडमिरल मारले गेले आणि तेरांपैकी सहा नौका अखेर बुडाल्या.

रांगेच्या शेवटी, तेराव्या जागेवर होती 'फ्लेचर' विनाशिका. तिला साधा ओरखडाही आला नाही. नशीब होतंच. पण तिचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी जोसेफ वायली लढाईच्या वेळी ठरलेल्या जागी न थांबता रडारच्या पडद्यापाशी उभा राहिला होता. काय दिसतंय ते तो कप्तानाला, तोफांना, टॉर्पेडोवाल्यांना सतत सांगत होता. रायजेलवासीयाचं काम एक माणूस करत होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस प्रशांत महासागरातल्या अमेरिकी आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी प्रत्येक युद्धनौकेवर अशी माहितीची खोली असावी, असा आदेश काढला. पण ती चालवायची कशी? वायलीला पर्ल हार्बरला बोलावून विनाशिकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहायला बसवलं. आणि त्या कामात त्याच्या सोबतीला कोण होता? कॅल लॅनिंग. एकाने धडा ग्वाडलकॅनालच्या अंधारात घेतलेला, दुसऱ्याच्या वाचनात डायरेक्ट्रिक्स.

मग श्रेय कुणाचं? लंडनजवळच्या बेंटली प्रायरीत ब्रिटिशांनी रडारच्या बातम्या गाळून, टेबलावर सोंगट्या सरकवून विमानं लढवायची पद्धत स्मिथ यांच्या कादंबरीआधीच बसवलेली होती. म्हणजे ही खोली कधी ना कधी जहाजावर आलीच असती. कॅम्पबेलचा 'सगळी मांडणी तिथूनच' हा दावा मला फुगवलेला वाटतो. पण लॅनिंग खोटं बोलला असंही नाही. एखादी गोष्ट जमते कशी, हे आधी कथेत वाचलेल्या माणसाला ती प्रत्यक्षात मागायला संकोच वाटत नाही.

जून १९४३ मध्ये ती पुस्तिका निघाली. पुढे लॅनिंगने 'हचिन्स' ही विनाशिका हाती घेतली आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये सुरिगाव सामुद्रधुनीतल्या रात्रीच्या लढाईत ती लढवली. ती लढाई जपानी आरमार हरलं.