रिपोर्टमधलं 'ईआर पॉझिटिव्ह' ठरतं कसं?

डोंबिवली-कल्याणहून परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेली, मांडीवर फाईल धरून बसलेली माणसं लोकलमध्ये तुम्ही पाहिली असतील. फाईल स्तनाच्या कॅन्सरची असेल तर आत एक ओळ बहुतेक सापडतेच: ईआर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पुढची पाच वर्षं घ्यायची की नाही, हे मुख्यतः या ओळीवर ठरतं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. हे प्रोटीन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे डीएनएवर ठरलेल्या जागी बसून जीन चालू-बंद करणारा स्विच. इस्ट्रोजेन हार्मोन येऊन चिकटलं की तो पेशींची वाढ करणारे जीन चालू करतो. टॅमॉक्सिफेन ती चिकटायची जागाच अडवून बसतं.

आता हा स्विच मायक्रोस्कोपखाली असाच दिसत नाही. त्यासाठी अँटीबॉडी लागते. ही बहुधा उंदराच्या किंवा सशाच्या पेशींपासून बनवतात आणि ती ठरावीक आकारालाच चिकटते. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर ती सोडतात. जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उठतो. कॅन्सरच्या निदान 1 टक्का पेशींची केंद्रकं रंगली तर पॉझिटिव्ह. (10 टक्क्यांपर्यंत असेल तर 'लो पॉझिटिव्ह'.)

खरी गोम पुढे आहे. काही फोनचं फेस अनलॉक जसं जुळ्या भावालाही आत घेतं, तशी अँटीबॉडीही भलत्याच प्रोटीनला चिकटू शकते. रंग तर उठतो, पण चुकीचा. ईआरचा एक भाऊ आहे, ईआर बीटा. तो 1996 मध्ये सापडला आणि पुढची वीस वर्षं त्याच्यावर ढीगभर पेपर निघाले. 2017 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी त्याच्यासाठीच्या 13 अँटीबॉडी तपासल्या. खात्रीची निघाली फक्त एक! आणि तिने पाहिलं तर स्तनाच्या पेशींत ईआर बीटा दिसलाच नाही.

आम्ही कोड तपासतो तसंच हे. उत्तर 'नाही' यायलाच हवं तिथे 'नाही' येतं का, ते आधी बघायचं. रिपोर्टमधल्या नेहमीच्या ईआरच्या अँटीबॉडी अशा चाचण्यांतून गेलेल्या आहेत, त्यामुळे घाबरू नका. पण चांगली अँटीबॉडीसुद्धा खराब सॅम्पलवर आंधळी होते. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवी. उशीर झाला तर असलेला ईआरही 'निगेटिव्ह' दिसू शकतो. म्हणून गाठ काढण्याआधीच नर्सिंग होममध्ये विचारा, फॉर्मॅलिनचा डबा तयार आहे का? आणि टाटाला जाताना लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. त्याच गाठीवर टेस्ट पुन्हा करता येते.