माणूस कुठे मिळेल, काम कुठे मिळेल

नागपुरात मनीषनगर ओलांडून बेसाकडे निघाले की शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते, ते आता कळत नाही. जिथे शेते होती तिथे सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. घरोघरी नळ, पंखे, गिझर आले. यांपैकी काही बिघडले की गृहिणीचा पहिला प्रश्न असतो, "माणूस कुठे मिळेल?" आणि त्याच रस्त्यावर पानठेल्यापाशी उभा असलेला बी.ए. झालेला मुलगा विचारत असतो, "काम कुठे मिळेल?"

हे दोन प्रश्न एकमेकांना भेटत का नाहीत?

शहराच्या कडेच्या गावांत हे दुखणे अधिक बोचरे असते. जमीन विकली, पैसा आला. घर झाले, मोटारसायकल आली, बहिणीचे लग्न झाले. पण शेतीबरोबर बापाकडून मुलाकडे येणारे कसबही गेले. हाती उरली ती पदवी. ज्या शेतात बापाने वखर चालवला, तिथल्याच इमारतीच्या फाटकावर मुलाने पहारा करावा, अशी पाळी कोणावर येऊ नये.

याच्याशी विद्यापीठाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्येच सांगितले. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासूनची. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही आजीवन अध्ययन व विस्तार यांना स्थान दिले. कागदावर सारे काही आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा सात दिवसांचे शिबिर, समारोपाचे छायाचित्र आणि एक प्रमाणपत्र, एवढ्यावर भागते.

नागपूरला तर याची परंपरा आहे. १९२३ मध्ये विद्यापीठ निघाले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती त्याच्या हवाली केली, ती उद्योगाला उपयोगी पडेल असे विज्ञान शिकवले जावे म्हणून. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. हाताने काम करत शिकण्याचा नयी तालीमचा विचार १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यातच मांडला गेला. आणि २००५ मध्ये विद्यापीठाला नाव मिळाले ते ग्रामोद्योगाचा आग्रह धरणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे.

मग अडते कुठे? याचे उत्तर शोधायला पुणे जिल्ह्यातील पाबळला जावे लागेल. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्य असे सारेच शिकू लागली. खरी मेख पुढे आहे. शिकता शिकता ही मुले गावाला सेवा देत आणि गाव त्याचे दाम मोजत असे. वेल्ड निसटला की गिऱ्हाईक परत येई, परीक्षा तीच. जुन्या जीपच्या भागांतून लहान ट्रॅक्टर उभा राहिला, लोखंड-सिमेंटची घुमटाकार घरे झाली. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाशी भागीदारी होऊन पाबळला फॅब लॅब आली. त्या विद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. खेड्यातल्या मुलांच्या कामाची दखल जगाने घेतली ती अशी.

बेसासारख्या ठिकाणी गिऱ्हाईक तर दारात बसले आहे! महाविद्यालयाने एक कार्यशाळा द्यावी, उद्योगांनी आपले अनुभवी कारागीर शिकवायला पाठवावेत, गृहनिर्माण संस्थांनी दुरुस्तीची कामे द्यावीत. काम उस्तादाच्या नजरेखाली व्हावे, मुलाला त्याचा मोबदला मिळावा आणि त्या कामाचे गुण पदवीतही धरले जावेत. खर्च फार नाही. अवघड आहे ती मनाची तयारी. पाना हातात घेतलेला पदवीधर लग्नाच्या बाजारात कमी ठरतो, हे आपल्याच घरांतले आहे. ते विद्यापीठ एकटे कसे बदलणार?

उद्या नळ दुरुस्त करायला एखादा पदवीधर आला, तर त्याला बसायला खुर्ची द्या, चहा विचारा आणि घासाघीस न करता पैसे द्या. सुरुवात एवढ्यापासूनही होईल.