वेसाव्याच्या ठेक्यावर आयरिश जिग

आयरिश जिग पहिल्यांदाच ऐकणाऱ्या अंधेरीकराचा पाय आपोआप हलतो. जिगच्या सहा मात्रा तीन-तीनच्या जोडीने धावतात आणि कितीतरी कोळीगीतांचा ठेकाही असाच असतो. हळदीच्या रात्री ‘वेसावकर आणि मंडळी’च्या गाण्यांवर नाचलेल्यांना तो वेगळा शिकवावा लागत नाही. मोजायचंच तर दादरा धरावा. फरक चौथ्या मात्रेवर पडतो. दादऱ्यात तिथे खाली येते, ठेका हलका होतो. जिगला तिथेही जोर हवा. तबलजीने सवयीने हात सैल सोडला की नाच बसलाच. उपनगरातल्या हौशी केल्टिक बँडने तबला घ्यावा की नाही, हे मी तरी या एका मात्रेवरून ठरवेन.

बासरीवाल्याची अडचण निराळी. टिन व्हिसलला बासरीसारखीच सहा छिद्रं असतात. पत्र्याची ही स्वस्त शिट्टी इंग्लंडच्या रॉबर्ट क्लार्कने 1843 मध्ये बनवायला घेतली. तिच्यावरचे ‘रोल’ आपल्या मुरकीच्या जवळचे, त्यामुळे हात लवकर बसतो. पण मींड घेण्याचा मोह आवरत नाही आणि जिगच्या वेगात मींड घेतली की लय मागे राहते.

बोद्रान हा बकऱ्याच्या कातड्याचा, आखूड दांडीने वाजवायचा डफ. एकेकाळी तो मुख्यतः 26 डिसेंबरच्या ‘रेन’ नावाच्या लोकमिरवणुकीत वाजे. 1960 च्या सुमारास संगीतकार शॉन ओ रियादाने त्याला वाद्यवृंदात बसवलं. त्याच दशकात वादक जॉनी मॉयनिहानने ग्रीकांचा बुझुकी आयरिश संगीतात आणला. म्हणजे ज्याला आपण प्राचीन समजतो, त्यातलं बरंच आपल्या आजोबांच्या उमेदीतलं. तेव्हा अंधेरीच्या पोरांनी शुद्धतेचा बाऊ करू नये. बोद्रानचं कातडं कोरड्या हवेत ताठतं, म्हणून आयरिश वादक त्याला पाण्याचा हात लावतात. मुंबईच्या पावसाळ्यात ते उलट लोंबतं. इथे हलगीसारखं शेकूनच घ्यायला हवं.

त्यापेक्षा मरोळच्या किंवा गोराईच्या ईस्ट इंडियन घरात जुनं घुमट सापडतं का ते पाहावं. मातीच्या मडक्याला ताणलेलं कातडं, लग्नातल्या गाण्यांची साथ. त्याचा खर्ज बोद्रानची जागा सहज भरून काढेल.

व्हायोलिन-मँडोलिन-गिटारवर लोकपरंपरेचं गाणं उभं राहतं, हे याच शहरात नीरज आर्यच्या ‘कबीर कॅफे’ने दाखवलं आहे. त्यांचं गाणं कबीराचं, आयर्लंडचं नव्हे. पण वाद्यांची जुळणी ओळखीची वाटते.

आयरिश बैठकीत एक धून बहुधा दोन-तीनदा वाजवतात आणि न थांबता पुढची धरतात. या जोडणीला सेट म्हणतात. मधली धून वेसाव्याची घेतली तर लय मोडत नाही, सांभाळायची असते पट्टी. नेहमीची व्हिसल पांढरी दोनची, तिच्यावर पांढरी पाचही सोपी जाते. गाणारी काळी पाचवर अडून बसली, तर बासरीवाल्याने खिशातून दुसरी व्हिसल काढावी, गाणारीला खाली ओढू नये.