रायवळाच्या पायावर हापूस

दारात हापूसचं जुनं कलम असेल तर एकदा वाकून त्याचा बुंधा नीट पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर साल बदलल्यासारखी दिसते, खोडाच्या जाडीतही फरक जाणवतो. हाच तो सांधा. बांधला त्या दिवशी जेवढ्या उंचीवर होता, तेवढ्याच उंचीवर तो आजही आहे. झाड चाळीस फूट गेलं तरी सांधा वर सरकत नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयाने बघायची. पण झाड उंच होतं ते शेंड्यांकडून आणि खोल जातं ते मुळांच्या टोकांकडून. मधलं खोड नुसतं जाड होत राहतं.

मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवलं. कलम बांधायला मात्र शिकले आजोळच्या बागेत, मामांकडून. मामा शाळेत फार गेले नव्हते, तरी त्यांच्या हाताच्या प्रत्येक हालचालीमागे शास्त्र होतं.

कोय कलमाचं काम पावसाळ्यात चालतं. रायवळ आंब्याचे बाटे वाळूमातीच्या वाफ्यात रुजत घालायचे. तांबूस, लुसलुशीत कोंब वर आला की रोप बाट्यासकट उपटायचं. हा झाला खुंट. त्याचा शेंडा बाट्याच्या वर चार बोटांवर छाटायचा आणि उरलेल्या दांड्याला उभी चीर द्यायची. हापूसच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी काडी घ्यायची, तिला खालून पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. मामा बजावायचे, "गो, निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडव, नाहीतर कलम गेलं समज."

साल सालीला का भिडवायची? कारण साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक अगदी पातळ, ओलसर थर असतो. शास्त्रज्ञ त्याला कँबियम म्हणतात. खोड जाड करणारा थर तो हाच. त्याच्या आतल्या बाजूला जलवाहिन्या तयार होतात, त्यांचंच पुढे लाकूड बनतं. बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार होतात, ती आतली साल. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला तर जखमेत नव्या पेशी भरतात, त्यांतून थर सलग होतो आणि मग दोन्हीकडच्या वाहिन्या जोडल्या जातात. पेशी मात्र एकमेकींत मिसळत नाहीत. सांध्याखाली रायवळ तो रायवळच राहतो, वरचा हापूस हापूसच. म्हणून सांध्याखालून फूट आली तर ती लगेच खुडावी लागते, नाहीतर खुंटच जोर धरतो आणि हापूस मागे पडतो.

पण वाहिन्या जुळेपर्यंतच्या त्या दोन-तीन आठवड्यांत काडी जगते कशावर? इथे पाणी झाडात कसं चढतं हे कळलं पाहिजे. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या. त्यांत पंप नाही. पानांच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ होते आणि ती वाफच खालचं पाणी वर ओढते. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळापासून पानापर्यंतची धार ताणली तरी सहसा तुटत नाही. डिक्सन आणि जोली यांनी हे 1894 साली मांडलं. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून जास्त पाणी असं हवेत जातं. नत्र, पालाश यांसारखी मातीतली द्रव्यं याच पाण्यात विरघळून वर येतात.

आता काडीकडे बघा. मामा काडी कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून छाटून टाकायचे. त्याने शेंड्याचा डोळा फुगतो. शिवाय पान नसल्यामुळे वाफेतून जाणारं पाणी वाचतं. कापलेल्या काडीला मूळ नाही, ओढायला पाणी नाही, पानं असती तर ती दोन दिवसांत सुकली असती. प्लॅस्टिकची पट्टी ओल धरून ठेवते. खुंटाला बाट्यातला साठा पुरतो, काडीला तिच्यातला. तिच्यातून तांबूस पालवी आली आणि ती हिरवी होऊन टिकली, म्हणजे सांधा जुळला.

पानं अन्न करू लागली की साखर उलटी निघते, सालीतून मुळांकडे. हे पाहायचं असेल तर डाळिंबाची गुटी बांधून बघा. फांदीची साल बोटभर गोल काढून तिथे ओलं शेवाळ बांधतात. लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जात राहतं, फांदी हिरवीगार राहते. खाली येणारी साखर आणि मुळं फोडणारी संप्रेरकं मात्र कापाच्या वरच्या कडेला अडतात आणि तिथेच मुळं फुटतात. हाच काप मोठ्या झाडाच्या खोडाला सगळीकडून दिला तर वरचं झाड काही काळ टवटवीत दिसतं, पण खाली मुळं उपाशी मरतात आणि मग सगळं झाड जातं. रस्त्याकडेच्या झाडांची साल सोलणाऱ्यांना हे कळायला हवं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हापूसचा बाटाच का पुरू नये? केरळातल्या ओलूर, कुरुक्कन या आंब्यांच्या कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतले बहुतेक आईसारखेच निघतात. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो, तो दोन पालकांचा. एका मोहोरावर शेकडो फुलं येतात, त्यांतली बरीचशी नुसती नर. माश्या-मधमाश्या कुठल्या झाडाचा पराग आणतील ते सांगता येत नाही. त्या बाट्याचं झाड चांगलं निघेलही, पण ते हापूस नसेल.

म्हणजे कोकणातली हापूसची लक्षावधी कलमं वंशाने जवळजवळ एकच झाड आहेत. हापूसच्या फुलाला हापूसचा पराग नीट लागू पडत नाही, म्हणून बागेत थोडी झाडं दुसऱ्या जातींची ठेवा असं कृषितज्ज्ञ सांगतात. एखादा नवा रोग या एका झाडाला मानवला, तर तो साऱ्या बागांना मानवेल. निवडीला वाव राहतो तो बाट्यापासून वाढलेल्या, एकासारखा एक नसलेल्या रायवळांत. शिवाय वर्षानुवर्षं कलमांचे खुंट येतात तेही त्यांच्याच बाट्यांतून.

आणि तेच रायवळ आपण आज पाडतो आहोत, लाकडासाठी, रस्त्यासाठी, किंवा फळाला भाव नाही म्हणून. ज्यांच्या परड्यात म्हातारा रायवळ उभा आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो तोडू नका. यंदाच्या हंगामात त्याचे चार बाटे बांधावर पुरा आणि दोन पावसाळे त्यांना गुरांपासून जपा.