सदाफुली, हळद आणि यकृताचा कर्करोग

मुलांनो, बकऱ्याची कलेजी तुम्ही पाहिली असेल. तोच अवयव आपल्याही पोटात, उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असतो. उर्दूत त्याला जिगर म्हणतात, मराठीत यकृत. आपण गिळलेले अन्न किंवा औषध आतड्यांतून रक्तात शिरले, की ते रक्त आधी यकृताकडे जाते. तेथे नको असलेले पदार्थ मोडले जातात आणि शरीराबाहेर टाकले जातात. यकृताच्या कर्करोगावर औषध शोधताना हीच अडचण येते. ज्या यकृतासाठी औषध द्यावे, तेच त्याचे तुकडे करते!

कर्करोगात पेशी बेसुमार वाढतात. ही वाढ रोखणारे पदार्थ काही वनस्पतींत सापडतात. वनस्पतीला पळता येत नाही, म्हणून किड्यांपासून बचावासाठी ती कडू, विषारी रसायने तयार करते. सदाफुली घ्या. जमेकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर पीत असत. कॅनडातील नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी तो उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यावरून १९५८ मध्ये विनब्लास्टीन मिळाले. सदाफुलीतलेच विन्क्रिस्टीन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. शेकडो किलो पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध निघते, आणि तेही थोडे जास्त झाले तर विषच. म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावायला सांगितली, तर ऐकू नका.

आता हळद. तिच्यातील कर्क्युमिन काचेच्या बशीत वाढवलेल्या यकृताच्या कर्करोगपेशींना मारते. मग हळदीचे दूध पुरे ना? नाही. पोटात गेलेले कर्क्युमिन नीट शोषले जात नाही. जे थोडे शोषले जाते, त्याचे रूप आतडी आणि यकृत लगेच बदलतात. बशीतला विजय माणसाच्या शरीरात टिकत नाही. वर्तमानपत्रातील अशा बातम्या वाचताना मला नेहमी ती बशी आठवते.

चीनमध्ये मात्र एक पाऊल पुढे पडले. एपिमेडियम नावाची वनस्पती तेथील वैद्य शेकडो वर्षे वापरत आले आहेत. तिच्यापासून मिळणाऱ्या इकॅरिटीन या औषधाला २०२२ मध्ये तेथे परवानगी मिळाली. शस्त्रक्रिया करता येत नाही अशा यकृताच्या कर्करोगासाठी ते आहे. तेही सर्वांना देत नाहीत; कोणाला द्यायचे हे रक्त तपासून ठरवतात.