हरभऱ्याचे शेंडे आणि परतण्याची रीत

कुहीच्या शिवारात हरभरा सुमारे महिनाभराचा झाला, की फुलोऱ्यापूर्वी त्याचे शेंडे खुडावेत. त्यायोगे झाडास फांद्या अधिक फुटतात, आणि खुडलेला कोवळा पाला घरच्या भाजीस येतो. मात्र ज्या शेतात नुकतेच कीटकनाशक फवारले असेल, तेथील पाला सर्वथा वर्ज्य होय.

पाला उकडून पाणी टाकून दिल्यास त्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच अंश वाया जातो. म्हणून परतणेच श्रेयस्कर. पाला धुऊन पुरता निथळावा व मग चिरावा. लोखंडी कढई चांगली तापवून तेल, लसूण व भिवापुरी सुकी मिरची घालावी. नंतर पाला थोडाथोडा टाकून मोठ्या जाळावर सराट्याने सतत हलवावा. एकदम ढीग टाकल्यास कढई निवते, पाल्यास पाणी सुटते, आणि भाजी परतली न जाता नुसती शिजते. चिनी स्वयंपाकातील परतण्याचे मर्मही हेच. झाकण ठेवू नये. मीठ शेवटी घालावे.

हरभऱ्याच्या पाल्यात आंब असते. यास्तव भाजी होताच लोखंडातून काढावी; एरवी ती काळी पडते. अल्प जळणात शेत जे देते, ते गृहिणींनी व शेतकरी बंधूंनी दवडू नये.